फेलोशिपचा अर्ज आणि आपला प्रश्न

अर्ज हा वाङ्मयप्रकार आहे असे आपल्या एकाही समीक्षकाने आजवर म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. कवितेची चर्चा झाली, कथेची झाली, आत्मकथनांवर तर इतके लिहिले गेले की त्या लेखनावर पुन्हा प्रबंध झाले. परंतु आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत सर्वांत जास्त काय लिहिले असेल, असा हिशेब कोणी मांडला तर उत्तर कविता असे येणार नाही. ते अर्ज असे येईल. फ्रीशिपचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, जात वैधतेचा अर्ज. आणि शिक्षण त्याही पुढे रेटले तर पीएच.डी.च्या प्रवेशाचा आणि फेलोशिपचा अर्ज. शासन फेलोशिपला अधिछात्रवृत्ती म्हणते. हा शब्द ज्याला ती मिळते त्यालाही धड उच्चारता येत नाही, म्हणून मी फेलोशिपच म्हणतो.

या अर्जाकडे मजकूर म्हणून पाहिले पाहिजे असे मला वाटते. मजकूर म्हटला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय सांगितले आणि काय गाळले, हे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, मग ज्या कागदावर एका मुलीची पाच वर्षे अवलंबून आहेत त्या कागदाला का विचारू नयेत? मी दहिसरला राहतो आणि उपनगरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. केतकीपाडा, रावळपाडा, गणपत पाटील नगर अशा वस्त्यांतून एम.ए. झालेली मुले-मुली आपले अर्ज दाखवायला माझ्याकडे येतात. त्यांच्या घरात, जसे माझ्या घरात नव्हते तसेच, अर्ज वाचून दाखवायला दुसरे कोणी नसते. हे अर्ज वाचता वाचता माझे एक मत झाले आहे. ते असे की, फेलोशिपची स्पर्धा दलित विद्यार्थ्याकडून दोन गोष्टी मागते. तुझी वेदना दाखव, ही पहिली. तुझा प्रश्न आवर, ही दुसरी. पैसा अपुरा असतो, उशिरा येतो, हे खरेच आहे आणि त्यासाठी आपण मोर्चे काढतो. दुसरी मागणी मात्र मोर्च्यात येत नाही, कारण ती पुरी करण्याचे काम आपलाच हात करत असतो.

प्रथम कागदपत्रांविषयी थोडेसे, कारण अर्जाची भाषा तिथूनच सुरू होते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. वैधतेच्या वेळी वडील, चुलते, आजोबा यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची विचारणा होते. आजोबांना शाळेत जाता आले नाही हीच जातीची खूण. पण ती खूण शाळेच्याच दाखल्यावर उमटलेली हवी! मग मुंबईत जन्मलेला मुलगा आपल्या बापजाद्यांच्या गावी जाऊन कोतवाल बुकाचा उतारा शोधत बसतो. खोट्या दाखल्यांवर आपल्या जागा लाटणारे आहेत, तेव्हा तपासणी हवीच. मी त्याविषयी रडगाणे गात नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली तालीम या कागदांत मिळते, आणि ती तालीम 'तू कोण आहेस ते सिद्ध कर' अशी असते. तुला काय जाणून घ्यायचे आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.

त्यानंतर येते ते उद्दिष्टाचे निवेदन. परदेशी विद्यापीठांत आणि आपल्याकडच्या काही नव्या खाजगी विद्यापीठांत या दीड-दोन पानांना फार महत्त्व. आपण कुठून आलो, हा विषय का घेतला, पुढे काय करणार, हे सांगायचे. त्यासाठी आता शिकवण्या निघाल्या आहेत आणि नमुने हातोहात फिरतात. मी पाहिलेल्या नमुन्यांत पहिल्या परिच्छेदात झोपडी असते, दुसऱ्यात आई लोकांकडे धुणीभांडी करते, तिसऱ्यात रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास चालतो. (आमच्या वस्त्यांत वीज कधीची आली, पण नमुन्यात दिवा आहे म्हणून दहिसरच्या मुलाच्या अर्जातही दिवा पेटतो.) चौथ्या परिच्छेदात कुठे एकदाचा विषय येतो, आणि तो दोन ओळींत आटोपतो.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये विद्यापीठ-प्रवेशात वंश हा निकष धरणे घटनाबाह्य ठरवले. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे एखाद्या अर्जदाराने निबंधात सांगितले, तर ते विचारात घ्यायला आडकाठी नाही, असेही त्याच निकालात म्हटले. याचा अर्थ नीट पाहा. काळ्या विद्यार्थ्याचा समूह म्हणून असलेला हक्क गेला आणि त्याच्या जागी एकेकट्याने आपली जखम लिहून दाखवण्याची सोय आली. हक्क मागताना मान वर असते. निबंध लिहिताना वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत लिहावे लागते.

काही मित्र म्हणतील, यात गैर काय? आपली आत्मकथने याहून वेगळे काय करतात? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्याची बांधणी ज्यांना आठवते त्यांना हे ठाऊक आहे की तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणाराही तोच, ऐकणाराही तोच. एक माणूस दोन झाला आहे, आणि त्या दोघांमधली फट हाच त्या पुस्तकाचा विषय आहे. तिथे ऐकणाऱ्याच्या हातात थैली नाही. म्हणून दगडू स्वतःला न शोभणाऱ्या गोष्टीही सांगू शकतो. आपल्या माणसांची लाज, आपली लाचारी, आपला भित्रेपणा. निवेदनातही माणूस दोन होतो, परंतु तिथला ऐकणारा परका आणि देणारा असतो. त्याला रुचेल तेवढेच दुःख आणि त्याला पटेल तेवढीच जिद्द मोजून घालावी लागते. आत्मकथनात वेदनेतून प्रश्न निघतो. इथे वेदना प्रश्नाची जागा अडवून बसते. म्हणून दोन्ही एकाच पंगतीला बसवता येणार नाहीत.

आता दुसऱ्या मागणीकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने खरे नुकसान तिथे आहे. एक उदाहरण देतो. नाव देत नाही, कारण तिची निवड अजून व्हायची आहे. दहिसर नदीच्या काठच्या एका वस्तीतली ही मुलगी. तिच्या आजीकडे गाण्यांची वही आहे. विहारात, बारशाला, जलदानविधीला, चौदा एप्रिलला बायका जी गाणी म्हणतात ती त्या वहीत उतरवून ठेवलेली. काही वामनदादा कर्डकांची, काही रेडिओवर ऐकलेली, आणि बरीचशी कोणाचीच नाहीत. म्हणजे वस्तीतल्याच कोणा बाईने रचलेली, दुसरीने कडवे वाढवलेली, तिसरीने चाल बदललेली. मुलीने चौकशी केली तेव्हा आसपासच्या घरांतून अशा आणखी वह्या निघाल्या. तिचा प्रश्न असा: या गाण्यांचा कर्ता कोण? आपण भीमगीतांचा इतिहास सांगतो तो शाहिरांच्या नावांनी सांगतो, आणि ती नावे बहुतेक पुरुषांची असतात. मग ज्या बायकांनी ही गाणी घराघरांत जिवंत ठेवली, वाढवली, त्या केवळ गाणाऱ्या की रचणाऱ्या? आणि ज्या लेखनाला कर्त्याचे नाव नाही त्याला मराठी समीक्षा साहित्य म्हणायला तयार आहे काय?

मी मराठीचा शिक्षक आहे. पीएच.डी.च्या विषयांच्या याद्या मी पाहतो. असा प्रश्न त्या याद्यांत मला सहसा दिसत नाही. हा आराखडा घेऊन ती एका समितीपुढे गेली. समितीने तो आस्थेने ऐकला आणि दुरुस्ती सुचवली. विषय असा करावा: 'वामनदादा कर्डक यांच्या गीतांतील आंबेडकरी जाणीव : एक चिकित्सक अभ्यास'. वामनदादांविषयी मला काय वाटते ते इथे सांगण्याची गरज नाही. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण या दुरुस्तीत काय झाले? नाव नसलेल्या बायका गेल्या आणि नाव असलेला पुरुष आला. वह्या गेल्या आणि छापील संग्रह आले. प्रश्न गेला आणि 'जाणीव' आली. जाणीव शोधायची म्हणजे ती तिथे आहे हे आधीच ठाऊक असते. पाचशे पाने लिहून ती आहे असे जाहीर करायचे.

ती घरी आली तेव्हा म्हणाली, "सर, बदलून टाकू का? फेलोशिप मिळाली की मग बघू माझ्या विषयाचं." हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. आणि ही दुरुस्ती सुचवणाऱ्या समितीत आपला माणूस नव्हता असेही नाही. विषय सोपा केला तर पोरगी पार पडेल, हा त्यात मायेचाही भाग असतो. आपल्या विभागांतून 'दलित आत्मकथनांतील स्त्रीचित्रण', 'दलित कवितेतील विद्रोह', 'ग्रामीण आणि दलित साहित्यातील साम्यभेद' असे जे शेकड्यांनी प्रबंध निघाले, ते आळसातून निघाले नाहीत. ते भयातून निघाले. आपल्या मुलाने बाहेर पडलेच पाहिजे, या भयातून. ते समजून घेतले तरी परिणाम बदलत नाही. विद्रोहावरचा प्रबंध लिहायचा आणि तो लिहिताना एकाही समीक्षकाशी भांडायचे नाही, अशी ही परंपरा होऊन बसली आहे.

इथे आपल्यासमोर बाबासाहेबांचे उदाहरण आहे. ते नेहमी गौरवासाठी सांगितले जाते. मी ते अर्जाच्या बाजूने सांगतो. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांच्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, हे सर्वांना पाठ आहे. परंतु केळूसकर गुरुजींचे दुसरे काम तितकेच मोठे होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची सयाजीराव महाराजांकडे शिफारस त्यांनी केली, आणि कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. शिफारस करणारा माणूस भेटला नसता तर? आजही पहिल्या पिढीच्या मुलाकडे सर्व कागद असतात, फक्त शिफारसपत्र लिहिणारा नसतो. इतरांच्या घरी तो जेवायला येतो.

पुढे ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. म्हणजे अट तिथेही होती. राजाची थैली म्हणून ती सैल होती अशी भाबडी समजूत करून घेण्याचे कारण नाही. परंतु विषय ठरवून दिले होते, विषयात काय विचारायचे ते ठरवून दिलेले नव्हते. म्हणून त्या तीन वर्षांत कोलंबिया विद्यापीठात प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून १९१५ मध्ये एम.ए. होता आले, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास करता आला, आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा तो निबंध वाचता आला.

तो निबंध विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा वाचावा. पंचवीस वर्षांचा एक अस्पृश्य तरुण न्यूयॉर्कमध्ये परक्या विद्वानांपुढे जातीवर बोलतो आहे. गोरेगावच्या वाटेवर पाण्यावाचून झालेले हाल, शाळेत बसायला घरून न्यावे लागणारे गोणपाट, हे सारे त्याच्या गाठीशी आहे. त्यातले काहीही तो पुरावा म्हणून पुढे ठेवत नाही. तो प्रश्न मांडतो: गटाबाहेर लग्न करण्याची चाल जिथे होती तिथे गटातच लग्न करण्याचे बंधन कसे लादले गेले? आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांचा संबंध तो या बंधनाशी जोडतो. आधीच्या पंडितांच्या व्याख्या एकेक घेऊन त्यांची उणीव दाखवतो. स्वतःचे अनुभव त्यांनी लिहिले, पण ते पुढे, १९३५-३६ च्या सुमारास, स्वतःला वाटले तेव्हा, आणि ते त्यांच्या हयातीत प्रकाशितही झाले नाहीत. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते छापले. वेदना कुठे सांगायची आणि प्रश्न कुठे विचारायचा याचा निर्णय त्यांनी देणाऱ्याच्या हाती दिला नाही. (करार पाळायला म्हणून १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले तेव्हा राहायला खोली मिळाली नाही आणि पारशी सराईतून बाहेर पडावे लागले, हेही त्या लेखनात आहे. फेलोशिप देणारा उदार असला म्हणून त्याच्या गावातला घरमालक उदार असतो असे नव्हे.)

आता या उदाहरणाशेजारी आपल्या काळातला एक कागद ठेवू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक नवे कलम घालण्यात आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास, असे संशोधनविषय घेता येणार नाहीत. कारण असे सांगण्यात आले की हे विषय भारतातच चांगले शिकता येतात. या कलमाखाली १९१५ चा व्यापारावरचा प्रबंध बसत नाही आणि १९१६ चा जातीवरचा निबंध तर मुळीच बसत नाही. ज्यांचे नाव घेऊन योजनांच्या जाहिराती होतात त्यांनी या योजनेत अर्ज केला असता तर तो छाननीतच बाद झाला असता.

माझा रोख विनोदावर नाही. हे कलम म्हणते काय ते पाहा. दलित विद्यार्थ्याने परदेशी जावे, यंत्रे शिकावीत, व्यवस्थापन शिकावे. फक्त ज्या समाजाने त्याला दलित केले त्या समाजाविषयी बाहेर जाऊन प्रश्न विचारू नये. ऑक्सफर्डला किंवा शिकागोला भारतीय संस्कृतीवर संशोधन करणारे सवर्ण विद्यार्थी बापाच्या पैशाने किंवा तिथल्या विद्यापीठाच्या पैशाने जातच राहतील. म्हणजे आपल्यावर लिहिले जाईल, फक्त आपल्याकडून लिहिले जाणार नाही.

या कलमाच्या समर्थनार्थ एक मुद्दा आपल्यातलेच काही जण मांडतात, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनीच म्हटले होते की कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या हव्यात, परदेशी शिक्षणासाठीही हव्यात. त्या प्रयत्नांतून १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. मग २०२२ चे कलम त्यांच्याच विचाराने चालले नाही काय? माझे उत्तर असे की, नाही. बाबासाहेब आपल्या समाजासाठी बंद असलेली दारे उघडून मागत होते. विज्ञान-तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा ही सर्वांत महागडी, म्हणून सर्वांत घट्ट बंद असलेली जागा; ती सरकारी पैशावाचून उघडणार नव्हती. त्यांनी त्याच्या बदल्यात इतिहासाचे दार बंद करा असे कुठेही म्हटलेले नाही. स्वतः ते पुढे शूद्र कोण होते याचा आणि अस्पृश्य मूळचे कोण याचा शोध घेत बसले, हे पुरेसे बोलके आहे. समाजाने आपला अग्रक्रम ठरवणे आणि सरकारने समाजाला विषयबंदी करणे, या दोन गोष्टींत अंतर आहे.

शिवाय हे कलम पाळूनही सगळ्यांचे भागत नाहीच. २०२५ च्या जुलैमध्ये याच शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ पैकी ४० जणांनाच आधी तात्पुरती पत्रे देण्यात आली आणि उरलेल्यांना निधी असेल तर मिळतील असे कळवण्यात आले. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाल्याचे संसदेत सांगितले गेले. तिच्या कक्षेत बौद्धही येत होते, याची आपल्या वस्त्यांत फारशी कोणाला खबर नाही.

निवडीच्या पद्धतीविषयी मी फार लिहीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी लेखी परीक्षा पात्रतेपुरती ठेवून मुलाखतीला सर्वाधिकार दिले. २०२२ च्या नियमांनी लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन ठरवले. दरम्यान दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अब्दुल नाफे समितीने लेखी आणि तोंडी गुणांची तुलना करून दाखवले होते की वंचित समूहांतल्या उमेदवारांचे गुण तोंडी परीक्षेत सातत्याने घसरतात, आणि तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत अशी शिफारस केली होती. आपल्या मुलीला विचारा, मुलाखतीत काय विचारले? ती सांगते, "आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाले इंग्रजीत सांगा." आराखड्यावर प्रश्न आला नाही, हे तिच्या ध्यानात दोन दिवसांनी येते.

आणि महाराष्ट्र? इथे बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी सामाईक परीक्षा झाली. विद्यार्थ्यांच्या लक्षात आले की प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच आहे. परीक्षा रद्द झाली, १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली गेली, तेव्हाही पाकिटांच्या सीलवरून गोंधळ झाला. मौलिक संशोधन करणारा विद्यार्थी निवडायचा होता, आणि निवडणाऱ्यांना प्रश्नपत्रिकेत एक प्रश्नही स्वतःचा घालता आला नव्हता. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल केला. तो विषय सारथीच्या फेलोशिपचा होता, तेव्हा हा टोमणा आपल्याला नव्हता म्हणून गप्प बसणारेही काही निघाले. माझ्या मते ती चूक झाली. दिवे लावणे हा वाक्प्रचार मराठी घरात कोणाला उद्देशून वापरतात? ज्याच्यावर खर्च होतो आणि जो कमावत नाही अशा मुलाला. म्हणजे बोलणारा घरचा कर्ता आणि फेलोशिप घेणारा पोसलेला, हे नाते त्या एका वाक्प्रचाराने पक्के केले. पुढे खुलासा झाला, पण वाक्प्रचाराचा खुलासा होत नसतो. मराठा मुलगा असो की महार, मातंग, चर्मकार, या नात्यात सगळे एकाच बाजूला उभे आहेत.

त्या आधी, २०२३ च्या सुरुवातीला, बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतले ८६१ विद्यार्थी आझाद मैदानात बसले होते, कारण फेलोशिप २०० जणांनाच देण्याचे ठरले होते. दहिसरहून लोकलने चर्चगेट गाठून मीही तिथे जाऊन बसलो होतो. भाषणांत आकडे होते, शासननिर्णयांचे क्रमांक होते, आणि ते आवश्यकच होते. परंतु शेजारी बसलेल्यांना मी विचारत गेलो की तुझा विषय काय, तर बहुतेकांनी पदवीचे नाव सांगितले, विद्यापीठाचे सांगितले, गाइडचे सांगितले. विषय सांगताना आवाज खाली गेला. विषय स्वतःचा नव्हता. तो पैशाच्या रांगेत उभे राहण्यासाठी घेतलेला होता. आठशे एकसष्ट माणसे, आणि त्यांचे स्वतःचे आठशे एकसष्ट प्रश्न कुठे गेले, याची मागणी कोणाकडे करायची?

मी पैशाला कमी लेखतो असा अर्थ कोणी काढू नये. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुलाने जे पत्र मागे ठेवले, त्यात आपली सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, येणे आहे आणि ती घरच्यांना मिळावी, असा हिशेब आहे. मरताना माणूस हिशेब लिहितो तेव्हा तो पैसा साधा नसतो. पण त्याच पत्रातून हेही कळते की त्याला विज्ञानावर लिहायचे होते, ताऱ्यांविषयी बोलायचे होते. फेलोशिपचा पैसा सात महिने थांबला, त्याविषयी चौकशा झाल्या. त्याच्या लेखनाविषयी कोणती समिती नेमणार?

म्हणून या त्रैमासिकाच्या संपादकांपुढे आणि वाचकांपुढे मी एक सूचना ठेवतो. आपण नाकारलेल्या कविता छापल्या आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. आता नाकारलेले आराखडे छापावेत. नाकारलेले तसेच दुरुस्त केलेलेही. वर विद्यार्थ्याने आधी लिहिलेला विषय, खाली मान्य झालेला विषय, आणि मध्ये काय गाळले गेले त्याची नोंद. विद्यार्थ्याचे, गाइडचे वा संस्थेचे नाव नको. दरेक अंकात चार पाने पुरतील. आपल्यातले जे शिक्षक समित्यांवर बसतात त्यांनीही आपल्या हातून झालेल्या दुरुस्त्या पाठवाव्यात. आमच्या भागात आम्ही महिन्यातून एका रविवारी विहारात अर्ज वाचायला बसतो. तिथे नियम असा केला आहे की पहिल्या पानावर प्रश्न लिहायचा, आणि उत्पन्न, जात, घर, आई, हे सगळे त्यानंतर. गाण्यांच्या वह्यांवरचा तो आराखडा तिथेच आम्ही मूळ शीर्षकाने पुन्हा लिहून काढला आहे. पहिल्या चार पानांसाठी तो पाठवायला ती मुलगी तयार आहे.